मोटारीचे वय आणि मोटारीचा धूर

मोटारगाडीचे वय किती झाले म्हणजे ती समाजाला नकोशी व्हावी, या प्रश्नाचा विचार आपल्या राज्यकर्त्यांनी गेल्या काही वर्षांत बराच केला आहे, आणि त्या विचाराचे फलित वाढत्या शुल्काच्या रूपाने जुन्या गाडीच्या मालकापुढे येऊन उभे राहिले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे टिकते. त्यानंतर गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य आहे अशी खात्री पटल्यास ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. लोकांच्या भाषेत हे फेरपासिंग. त्याचे शुल्क मोटारीसाठी ६०० रुपये होते. १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मधील दुरुस्तीने वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते १०,००० रुपयांवर नेण्यात आले. महाराष्ट्रात २०१० पासून लागू असलेला पर्यावरण कर आणखी वेगळा. गाडी जितकी जुनी तितका भार अधिक, असे हे सरळ गणित आहे. ते सरळ असले तरी बरोबर आहे काय, एवढाच प्रश्न येथे उपस्थित करावयाचा आहे.

प्रस्तुत लेखकाचा या विषयाशी असलेला संबंध केवळ तात्त्विक नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. तासगावसारख्या तालुक्याच्या गावी शिक्षकी करीत असताना २०१२ साली मी एक मारुती ८०० विकत घेतली. गाडी २००३ ची, मी तिचा तिसरा मालक, किंमत ६८,००० रुपये. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेल्या रकमेतून ती घेतली, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत त्यावर दोन दिवस चर्चा झाली होती. बहुतेकांचे मत असे, की जुनी गाडी घेणे म्हणजे दुसऱ्याची डोकेदुखी पैसे मोजून घरी आणणे. त्यांचे म्हणणे सर्वस्वी चूक होते असे मी आजही म्हणणार नाही. परंतु २०१६ मध्ये आईचे मूत्रपिंड निकामी झाले आणि आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी मिरजेला नेण्याची वेळ आली, तेव्हा या डोकेदुखीने आमचे घर सावरले. जाऊन-येऊन साठेक किलोमीटरचा प्रवास. चार तास यंत्राला जोडून राहिल्यावर सत्तरी ओलांडलेल्या बाईला एस.टी.च्या पायरीवर पाय उचलता येत नाही, आणि प्रत्येक वेळी भाड्याची गाडी करणे शिक्षकाच्या पगारात बसत नाही. दोन वर्षे आणि काही महिने हे चालले. त्या काळात ही गाडी वाटेत एकदाच बंद पडली, आणि ती चूक माझी होती.

ती चूक सांगण्यासारखी आहे. पाण्याचा एक रबरी पाइप रेडिएटरजवळ फुगला होता. आमच्या मिस्त्रींनी तो बोटाने दाबून दाखविला आणि म्हणाले, "सर, ह्याचा काय भरवसा नाही. एकशेवीस रुपयांचा पाइप आहे, आज टाकून जावा." मला परीक्षेच्या कामाची घाई होती. पुढच्या महिन्यात बघू, असे म्हणून मी निघालो. तीन आठवड्यांनी कवलापूरच्या अलीकडे पाइप फुटला, पाणी वाहून गेले, आणि काटा तांबड्या रेघेच्या पार जाईपर्यंत माझ्या लक्षात आले नाही. इंजिनाचे हेड तापून वाकले. ते उतरवून घासून घेणे, नवे गॅसकेट आणि मजुरी धरून १४,००० रुपये गेले. आई त्या दिवशी पाऊण तास रस्त्याकडेच्या चिंचेखाली बसून होती. मिस्त्री मात्र यावर एक अक्षरही बोलले नाहीत. जुन्या पाइपाचा तुकडा त्यांनी फडक्यात गुंडाळून मागच्या शिटावर ठेवून दिला होता.

गाडी घेतल्यापासून मी एक वही ठेवली आहे. शिक्षकाची खोड, दुसरे काय! टायर, बॅटरी, क्लचप्लेट, टायमिंग बेल्ट, ब्रेकचे पॅड, वाकलेले हेड आणि गंजलेला पत्रा असे सारे मिळून तेरा वर्षांत २ लाख १४ हजार रुपये खर्च झाले. वर्षाला सरासरी साडेसोळा हजार. आज साध्यात साधी नवी मोटार रस्त्यावर येईपर्यंत चार लाखांच्या घरात जाते. तेवढे कर्ज नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढले, तर दरमहा सव्वाआठ हजारांहून थोडा अधिक हप्ता बसतो. म्हणजे माझी वर्षाची सारी दुरुस्ती नव्या गाडीच्या दोन हप्त्यांत भागते. जुनी गाडी परवडत नाही असे जे म्हणतात, त्यांनी बहुधा हा हिशेब मांडलेला नसतो. दुरुस्तीचा खर्च एकदम आणि अवेळी येतो म्हणून तो टोचतो. हप्ता दरमहा बँकेतून निमूटपणे कापला जातो म्हणून तो दिसत नाही.

अर्थात, हा हिशेब जमण्यासाठी गाडी पाहावी लागते. मारुती ८०० चे इंजिन तीन सिलिंडरांचे, ७९६ सी.सी.चे. त्याची रचना इतकी साधी आहे, की तालुक्याच्या कोणत्याही गॅरेजात त्याचे मर्म जाणणारा माणूस सापडतो. इंजिन या गाडीला दगा देत नाही. दगा देतो तो पत्रा. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती मातीने बुजली, की पावसाचे पाणी दाराच्या पोटात साठते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरच्या रंगाला फोड येतो तेव्हा आत बरेच काही संपलेले असते. पायाखालच्या गालिच्याचेही तेच. ओला गालिचा आठ दिवस तसाच राहिला, तर तळाचा पत्रा त्याची किंमत वसूल करतोच. दरवर्षी पावसाळा संपल्यावर गालिचे काढून उन्हात टाकणे आणि दारांची भोके तारेने मोकळी करणे हे काम कोणताही कारकून रविवारी सकाळी करू शकतो, त्याला एक पैसा लागत नाही. टायरांविषयीही लोकांचा असाच गैरसमज असतो. नक्षी शिल्लक आहे तोवर टायर चांगला, असे आपण धरून चालतो. कमी चालणाऱ्या गाडीचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो, त्याचे रबर कडक पडते, आणि पहिल्या पावसात ब्रेक दाबला की ते कळते. टायरच्या अंगावर शेवटी चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. जुनी गाडी विकत घेताना शिटांच्या कव्हरांपेक्षा हे चार आकडे पाहिले, तर विकणाऱ्याचा स्वभाव अधिक लवकर कळतो.

या गाडीचे सामाजिक कार्य काय होते हे आजच्या विद्यार्थ्यांना कदाचित उमगणार नाही. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. त्याआधी मोटार म्हणजे अॅम्बॅसडर किंवा कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट, जिचे पुढे प्रीमियर पद्मिनी असे नामकरण झाले. पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. नवी मोटार घेणारा माणूस वेगळ्याच जगातला असे. मारुतीने त्या जगाचे दार किलकिले केले हे खरेच. परंतु ते सताड उघडले, ते जुन्या मारुतीने. एकच गाडी प्रथम कारखान्यातील अधिकाऱ्याची, मग डॉक्टरची, मग शिक्षकाची आणि अखेर बाजारात भाजीची पोती वाहणाऱ्याची होते. चार संसारांना ती पुरते. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले तेव्हा पंचवीस लाखांहून अधिक गाड्या बनून गेल्या होत्या. त्यांतील बऱ्याच आजही तिसऱ्या-चौथ्या हातात फिरत आहेत. फेरपासिंगचे वाढते शुल्क पहिल्या मालकाला भरावेच लागत नाही, तो केव्हाच नव्या गाडीत बसलेला असतो. हा भार पडतो साखळीतील शेवटच्या माणसावर, आणि ज्या गाडीची बाजारातील किंमत पंचवीस-तीस हजार आहे तिच्यावर दहा हजारांचे शुल्क म्हणजे त्याच्या दृष्टीने गाडीचा तिसरा हिस्सा होय.

येथे कोणी विचारील, की मग प्रदूषणाचे काय? हा प्रश्न टाळून या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. जुन्या गाडीचा धूर नव्या गाडीपेक्षा वाईट असतो हे निर्विवाद आहे. पी.यू.सी. तपासणीत भारत स्टेज-२ पूर्वीच्या पेट्रोल मोटारीला, इंजिन नुसते सुरू असताना, धुरात तीन टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालतो. भारत स्टेज-४ च्या मोटारीला ही मर्यादा ०.३ टक्का आहे. म्हणजे माझी गाडी कायद्याने नव्या गाडीच्या दसपट विषारी वायू सोडू शकते आणि तरीही तिला प्रमाणपत्र मिळते. दाट वस्तीच्या शहरात, सिग्नलपाशी तासन् तास उभ्या राहणाऱ्या हजारो गाड्यांच्या बाबतीत ही गोष्ट क्षम्य नाही. शहरांतील हवा श्वास घेण्यास योग्य राहावी म्हणून सरकारने कठोर व्हावे, याला माझा विरोध नाही.

मात्र तापमानवाढीचा मुद्दा याच्यात मिसळून जुनी गाडी मोडणे हे जणू पृथ्वीवरील उपकारच आहेत असे भासविले जाते, तेव्हा पाटी-पेन्सिल घेऊन बसावेसे वाटते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. माझी गाडी आता वर्षाला तीन हजार किलोमीटर चालते आणि लिटरला सोळा किलोमीटर देते. म्हणजे वर्षाला सुमारे ४३० किलो. नवी छोटी गाडी बावीस किलोमीटर देईल असे धरले, तर तीच चाल ३१५ किलोंच्या आत होईल. बचत वर्षाला एकशेवीस किलोंहूनही थोडी कमी. आता नवी गाडी आकाशातून पडत नाही. तिचे पोलाद वितळवावे लागते, काच, प्लॅस्टिक, रबर बनवावे लागते, आणि या साऱ्यातून काही टन कार्बन डायऑक्साइड आधीच बाहेर पडलेला असतो. फार कमी धरून तो तीन टन मानला, तरी माझ्या वापराने त्याची भरपाई व्हायला पंचवीस वर्षे लागतील. याउलट, वर्षाला तीस हजार किलोमीटर फिरणाऱ्या भाड्याच्या गाडीच्या बाबतीत हीच भरपाई अडीच वर्षांत होते. अशी गाडी लवकर बदलावी, हे उघड आहे. फरक वयाचा नाही, चालीचा आहे. आणि आपले शुल्क मात्र चाल पाहत नाही, धूर मोजून ठरत नाही. ते फक्त जन्मतारीख पाहते. नियमाने देखभाल करणारा आणि काळा धूर सोडीत जाणारा, दोघेही एकाच खिडकीवर सारखेच पैसे भरतात. परीक्षेचे गुण विद्यार्थ्याच्या वयावरून द्यावेत, असे कोणी सुचविले तर आपण त्याला काय म्हणू?

दिल्लीत या वयवादाची जी परीक्षा झाली ती उद्बोधक आहे. तेथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला दुजोरा दिला. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचे नाही, असा हुकूम निघाला. लोकक्षोभ इतका उसळला, की तो काही दिवसांतच आवरता घ्यावा लागला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या आधारावर मालकांवर कठोर कारवाई करू नये असे सांगितले. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये, हवा बिघडल्यावर, हे संरक्षण भारत स्टेज-४ आणि त्यापुढील गाड्यांपुरतेच ठेवले. या निर्णयाने माझ्यासारख्याची गाडी दिल्लीत असती तर ती संरक्षणाबाहेर गेली असती. तरीही मला तो आधीच्या बंदीपेक्षा अधिक न्याय्य वाटतो, कारण त्यात निदान गाडी कोणत्या प्रतीची आहे हे विचारले गेले आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि त्याला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. चालकासाठी हवेची पिशवी नव्या मोटारींत जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. माझ्या गाडीत ती नाही, चाके अडकू न देणारे ब्रेक नाहीत, आणि पत्रा असा की दार जोरात लावताना आवाज पत्र्याच्या डब्याचा येतो. माझे सांगलीत राहणारे चिरंजीव म्हणतात, "बाबा, तुम्ही पैसे वाचवता आणि जीव टांगता." त्यांचे म्हणणे मी खोडून काढू शकत नाही. मी एवढेच करतो, की पुणे-बंगळूर महामार्गावर ही गाडी नेत नाही, रात्री नेत नाही, साठच्या पुढे नेत नाही आणि नातवाला पुढे बसवीत नाही. परंतु ज्याला मी जुन्या गाडीतून काढता, त्याला नव्या गाडीत बसविता येणार नसेल, तर तो बसेल कशात? आपल्याकडे त्याचे उत्तर दुचाकी असे आहे. पती, पत्नी, मध्ये एक मूल आणि टाकीवर दुसरे. हवेच्या पिशवीची चर्चा करताना हे चित्रही डोळ्यांसमोर असावे.

आणखी एका गोष्टीने जुन्या गाडीवाल्यांना धास्तावून सोडले आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ मध्ये ते २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाने याविरुद्ध बोलू नये असा संकेत आहे. कारखान्याचे बिल वेळेवर मिळाले तर ते कोणाला नको आहे? परंतु इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही. वीस टक्के मिश्रणाला टिकतील असे सुटे भाग नव्या गाड्यांत एप्रिल २०२३ पासून आले. नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच, निव्वळ पेट्रोलसाठी बनलेल्या चारचाकीची इंधनक्षमता या मिश्रणाने सहा ते सात टक्के घटेल असे म्हटले होते. इंधनाच्या नळ्या मी गेल्या वर्षी बदलून घेतल्या, साडेआठशे रुपये लागले. तक्रार या खर्चाची नाही. पंपावर दुसरा पर्याय ठेवलेला नाही, याची आहे. एकीकडे गाडी जुनी म्हणून दंडासारखे शुल्क घ्यावयाचे आणि दुसरीकडे तिला न मानवणारे इंधन सक्तीने पाजावयाचे, यात काही विसंगती आहे असे सरकारातील कोणाला वाटत नसावे.

मोडीत काढण्याचे धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाले तेव्हा त्यात प्रलोभनेही होती. अधिकृत केंद्रात गाडी दिल्याचा दाखला दाखविल्यास नव्या गाडीच्या नोंदणीचे शुल्क माफ, रस्ताकरात खासगी वाहनाला पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत. सवलती चांगल्या आहेत, पण त्या नवी गाडी घेणाऱ्यालाच मिळतात. चौथ्या हाताच्या माणसाला नवी गाडी घ्यावयाची नसते, तेव्हा त्याच्या पदरी भंगाराचा भाव तेवढा पडतो. त्याला त्या दाखल्यावर एस.टी.चा काही वर्षांचा पास द्या, असे म्हटले तर हसण्यावारी नेले जाईल. मला मात्र ती सूचना गंभीर वाटते. आमच्या भागातल्या कितीतरी खेड्यांना संध्याकाळनंतर गाडी नाही. तेथे कोणाच्या तरी दारात उभी असलेली जुनी मोटार हीच रात्रीची रुग्णवाहिका असते, आणि बाळंतपणासाठी दार ठोठावणारा मनुष्य तिच्या नोंदणीची तारीख विचारीत नाही.

शुल्क घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. दहा हजार घेणार असाल तर त्या दहा हजारांची तपासणी करा. ब्रेक रोलरवर चढवून पाहा, धूर यंत्राने मोजा, तळाच्या पत्र्याला टोचून पाहा, स्टिअरिंगचे सांधे हलवून पाहा. अशी यंत्रे असलेली स्वयंचलित केंद्रे काही ठिकाणी उभी राहत आहेत. ती तालुक्यांपर्यंत येऊ द्या. उत्तम उतरलेल्या आणि थोडी चाललेल्या गाडीला शुल्कात सूट द्या, वाईट उतरलेलीला वयाचा विचार न करता रस्त्यावरून काढा, मग ती आठ वर्षांची का असेना. धुराची मर्यादाही पंचवीस वर्षांपूर्वीचीच ठेवण्याचे कारण नाही. ती हळूहळू कडक केली आणि माझी गाडी तीत बसली नाही, तर मी तक्रार करणार नाही.

२०१८ साली पहिले फेरपासिंग झाले तेव्हा मी ६०० रुपये शुल्क आणि ३,००० रुपये पर्यावरण कर भरला होता. आई त्याच वर्षी गेली. २०२३ मध्ये शुल्काचे ५,००० झाले होते, तेही भरले. आता मुदत ऑगस्ट २०२८ मध्ये संपते. गेल्या पावसाळ्यानंतर गालिचे उन्हात टाकताना चालकाच्या पायाखाली पत्र्यावर हाताच्या पंजाएवढा गंज दिसला. मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहिले आणि पुढच्या रविवारी गाडी वर उचलून बघू म्हणाले. शेजारचा पत्रा टणक असेल, तर कापून नवा तुकडा जोडता येईल. वेल्डिंग धरेल असे काही शिल्लकच नसेल, तर ते जोडणार नाहीत, तसे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. आणि मग दहा हजारांचा प्रश्न माझ्यापुरता उरणार नाही.